केमोसोबत फॉलिक ॲसिड का देतात? त्याने कॅन्सर वाढत नाही का?

मृण्मयी_क | गुरुवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचक असते, आज प्रश्न घेऊन आलेय.

माझ्या सासऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघालाय. वय ६८, जन्मात विडी-सिगरेट नाही, शुद्ध शाकाहारी. बायोप्सीत ॲडेनोकार्सिनोमा आलं. जनुकीय तपासणीत गोळीवर भागेल असं काही सापडलं नाही, म्हणून पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमो ठरलीय, दर तीन आठवड्यांनी. पहिला डोस पुढच्या गुरुवारी. त्याआधी आठवडाभर रोज फॉलिक ॲसिड १ मिग्रॅ आणि बी-१२ चं एक इंजेक्शन लिहून दिलंय. इंजेक्शन काल झालं.

इथवर सगळं ठीक होतं. मग आमच्या चुलत दिरांनी फॅमिली ग्रुपवर एक बातमी टाकली. एमटीएचएफडी२ नावाचं फोलेटवर (फॉलिक ॲसिड हे त्याचंच एक रूप) काम करणारं एन्झाइम कॅन्सरच्या पेशींमध्ये भरमसाट असतं, ते बंद पाडलं की कॅन्सर उपाशी मरतो वगैरे. खाली स्वतःची मल्लिनाथी: "कॅन्सर फोलेटवर जगतो आणि इकडे डॉक्टर फोलेटच देतायत. कुणीतरी विचारा." झालं! सासूबाईंनी निवडून ठेवलेली मेथी कामाच्या मावशींना देऊन टाकली. पालक बंद, चवळी बंद. बाबा म्हणतात मला ती गोळीच नको.

दुसरी गोम. माझ्या आत्याला आमवात आहे, ती आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते आणि तिलाही फॉलिक ॲसिड आहे. तिचे डॉक्टर म्हणतात मेथोट्रेक्सेट फोलेटच्या विरोधात काम करतं. मग विरोधातलं औषध द्यायचं आणि वर तेच द्यायचं, हे काय गौडबंगाल आहे?

तिसरी, लक्ष्मी रोडवरचा केमिस्ट म्हणाला, "१ ची येत नाही, ही ५ ची घ्या, व्हिटॅमिनच आहे, जास्त झालं तर लघवीतून जातं." पिवळ्या गोळ्यांची ती पट्टी अजून पर्समध्ये पडून आहे.

डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. तोवर कुणी समजावून सांगेल का?

खवचट_काका | गुरुवार, रात्री १०.३१

चुलत दिरांना ग्रुपमधून काढा. उपचाराची सुरुवात तिथून.

(दिवे घ्या. बाबांना लवकर बरं वाटो.)

शुभा_ताई | गुरुवार, रात्री १०.४४

वाचतेय. काळजी घ्या गं.

डॉ_मीनल | गुरुवार, रात्री ११.१५

मृण्मयी, बाकीचं नंतर, आधी एक तातडीचं. सोमवारपर्यंत थांबू नका. पेमेट्रेक्सेडच्या पहिल्या डोसाआधीच्या सात दिवसांत फॉलिक ॲसिडचे किमान पाच रोजचे डोस पोटात जायला हवेत असा दंडक आहे. सोमवारी विचारून सुरू केलंत तर गुरुवारपर्यंत तीनच होतील आणि केमो पुढे ढकलावी लागेल. उद्या सकाळी ओपीडीत फोन करा. डॉक्टर भेटले नाहीत तर केमो वॉर्डच्या सिस्टरना विचारा, त्यांना हे तोंडपाठ असतं.

५ ची गोळी त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. या औषधासोबतची मात्रा रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम असते. ५ मिग्रॅ म्हणजे वरच्या मर्यादेच्या पाचपट. ती गोळी केमिस्टकडे असते ती रक्तक्षयासाठी किंवा आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष होता अशा बाईच्या पुढच्या गरोदरपणासाठी. लघवीतून जातं हे खरं, पण म्हणून मात्रा कशीही चालते असं होत नाही.

मी कॅन्सरवाली डॉक्टर नाही, जनरल मेडिसिन. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं अंतिम.

गणेशखिंड | शुक्रवार, पहाटे ५.५०

पेशींच्या चयापचयावर काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली (आयडीवरून ओळखा कुठे), म्हणून बातमीपुरतं बोलतो. औषधाचं डॉ_मीनल यांनी सांगितलंच आहे.

"कॅन्सर फोलेटवर जगतो" यातली मुख्य गफलत अशी की फोलेट हे इंधन नाही. फोलेट म्हणजे गॅसची टाकी, गॅस नव्हे. पेशीला डीएनए बनवताना ठिकठिकाणी एकेक कार्बनचा तुकडा जोडावा लागतो. थायमिन हे डीएनएचं अक्षर बनवताना लागतो, ॲडेनिन आणि ग्वानिन बनवताना लागतो. हा तुकडा मुख्यतः सेरीन या अमिनो आम्लातून येतो, आणि फोलेट तो उचलून हव्या त्या जागी पोचवतं. जळतं ते सेरीन. टाकी पुन्हापुन्हा वापरली जाते.

आता थायमिनच्या कामात एक भानगड आहे. तिथून टाकी नुसती रिकामी होऊन परत येत नाही, तिचा व्हॉल्व्ह निकामी होऊन येते. त्या अवस्थेला डायहायड्रोफोलेट म्हणतात. व्हॉल्व्ह दुरुस्त करणारं एन्झाइम म्हणजे डायहायड्रोफोलेट रिडक्टेज, थोडक्यात डीएचएफआर. मेथोट्रेक्सेट याच एन्झाइमला घट्ट चिकटून बसतं. निकामी टाक्यांचा ढीग साचतो, थायमिन संपतं आणि विभाजनाच्या घाईत असलेली पेशी डीएनए अर्धवट सोडून मरते. ज्या पेशी सतत विभाजित होतात त्यांना फटका जास्त: कॅन्सर, आणि त्यासोबत तोंडाचं अस्तर, आतडं, अस्थिमज्जा. केमोत तोंड येतं ते यामुळे.

एमटीएचएफडी२ हे वेगळं. ते मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या वीजघरात बसतं आणि सेरीनमधून आलेला तुकडा पुढच्या रूपात बदलून बाहेर पाठवायला मदत करतं. बातमी बहुधा कुठल्या तरी नव्या संशोधनाची असेल, पण या एन्झाइमचा गाजावाजा २०१४ पासूनचा आहे. त्या वर्षी एका गटाने १९ प्रकारच्या कॅन्सरमधल्या १,९८१ गाठींचे नमुने घेऊन १,४५४ चयापचय एन्झाइमांची पातळी तपासली. सगळ्यांत सातत्याने वाढलेलं निघालं ते हे. गंमत म्हणजे प्रौढ माणसाच्या बहुतेक निरोगी ऊतींमध्ये ते जवळजवळ नसतंच, गर्भात मात्र भरपूर असतं. म्हणून औषधवाल्यांना ते आवडतं: शत्रूकडे आहे, आपल्याकडे नाही.

पण त्या बातमीतून "मेथी खाऊ नका" कुठेच निघत नाही. एन्झाइम बंद पाडणं वेगळं आणि माणसाला फोलेटविना ठेवणं वेगळं. फोलेट कमी पडलं तर पहिली बोंब अस्थिमज्जा मारते.

निळू_कर्वेनगर | शुक्रवार, सकाळी ८.०५

गॅसच्या टाकीचं उदाहरण भारी. आमच्या सोसायटीत पाइपलाइन आली, आम्हाला कॅन्सर होणार नाही म्हणायचं का? :)

खवचट_काका | शुक्रवार, सकाळी ८.१२

@निळू, तुमच्याकडे खोदकाम सुरू असेपर्यंत रक्तदाब मात्र नक्की होणार.

देवराई | शुक्रवार, सकाळी ९.३०

राग मानू नका, पण ॲलोपथी म्हणजे आधी विष द्यायचं आणि मग उतारा. माझ्या ओळखीत दोघांना गव्हांकुराच्या रसाने खूप फरक पडला. रोज सकाळी अनशापोटी ५० मिली. करून बघायला काय हरकत आहे?

खवचट_काका | शुक्रवार, सकाळी ९.३४

देवराई, हिरवी पाती म्हटली की फोलेट आलंच. म्हणजे एकाने मेथी बंद करायची आणि दुसऱ्याने तेच गाळून पाजायचं. बाबांनी कुणाचं ऐकावं ते एकदा दोघे मिळून ठरवा.

डॉ_मीनल | शुक्रवार, सकाळी ९.५०

हरकत आहे. केमो सुरू असताना पांढऱ्या पेशी खाली येतात. घरी वाढवलेली पाती, कच्ची, न शिजवलेली, त्यावर मातीतले जंतू. शिजवलेलं खा. कच्च्या कोशिंबिरीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

आता मृण्मयीच्या आत्याचा प्रश्न. आमवातात मेथोट्रेक्सेट आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिग्रॅ देतात. कॅन्सरमध्ये काही वेळा ते ग्रॅमच्या मापात जातं. आमवातात त्याचा गुण येतो तो सगळा डीएचएफआर रोखण्यातून येत नाही, त्या मात्रेत शरीरातलं ॲडेनोसिन नावाचं रसायन वाढून सूज उतरते असं मानतात. त्यामुळे फॉलिक ॲसिड दिलं तरी गुण टिकतो, आणि तोंड येणं, मळमळ, यकृताच्या तक्रारी कमी होतात. बहुतेक डॉक्टर ते मेथोट्रेक्सेटच्या दिवशी न देता दुसऱ्या दिवशी देतात.

पेमेट्रेक्सेडही फोलेटच्या विरोधातलंच औषध, आणि त्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. सुरुवातीच्या चाचण्यांत काही रुग्णांना भयंकर त्रास झाला, काही दगावले. कुणाला जास्त होतो हे शोधताना सापडलं की ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन जास्त, म्हणजे शरीरात फोलेट किंवा बी-१२ अपुरं, त्यांना. १९९९ च्या शेवटी सगळ्यांना फॉलिक ॲसिड आणि बी-१२ द्यायचं ठरलं. त्रास एकदम खाली आला आणि औषधाची धार कमी झाली नाही. २००३ मध्ये मेसोथेलिओमाच्या (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) चाचणीचा निकाल आला: सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधावर नुसतं मध्यम आयुर्मान ९.३ महिने, जोडीला पेमेट्रेक्सेड दिल्यावर १२.१.

तुमचे बाबा शाकाहारी आहेत, आपल्याकडे अशा घरांत बी-१२ ची बोंब असतेच. नुसतं फॉलिक ॲसिड भरपूर दिलं तर रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचं नुकसान आतल्या आत होत राहतं. जोडीने देतात ते उगाच नाही.

कोथरूडची_निशा | शुक्रवार, दुपारी १२.४०

मेथोट्रेक्सेटचा विषय निघालाच आहे तर सांगते. घरात कुणी घेत असेल तर वाचाच.

माझी मावशी. चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा असंच होतं, पण अक्षर असं की दुकानदाराने पाकिटावर "रोज १" लिहून दिलं. मावशीने आज्ञाधारकपणे रोज घेतली. काही दिवसांत तोंडात एवढे फोड की पाणी गिळवेना. ताप आला. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट जवळजवळ संपलेल्या. ॲडमिट करून शिरेतून कसलं तरी फोलेटच दिलं, लुकोव्होरिन. वाचली. केस गेले, ते आलेही.

आता तिच्या गोळ्यांच्या डबीत सात खण आहेत, त्यातल्या "सोम"वर तिने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. त्या खणात कुणी हात घातला तर ओरडते.

गणेशखिंड | शुक्रवार, दुपारी १.१०

@निशा, लुकोव्होरिन म्हणजे व्हॉल्व्ह आधीच बसवलेली टाकी. साधं फॉलिक ॲसिड वापरात यायला त्यालाही डीएचएफआरमधूनच जावं लागतं, आणि तेच तर मेथोट्रेक्सेटने अडवलेलं असतं. म्हणून अशा वेळी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या कामाच्या नाहीत, थेट तयार रूप द्यावं लागतं. हाडाच्या काही कॅन्सरांत मुद्दाम प्रचंड मात्रेत मेथोट्रेक्सेट देतात आणि ठरल्या वेळी लुकोव्होरिन सुरू करून निरोगी पेशींना सोडवतात. त्यात घड्याळ सांभाळावं लागतं.

डॉ_मीनल | शुक्रवार, दुपारी १.२५

आणि मेथोट्रेक्सेटवाल्यांनी लघवीच्या जंतुसंसर्गासाठी को-ट्रायमॉक्साझोल परस्पर घेऊ नये. त्यातलं ट्रायमेथोप्रिम जंतूंचं डीएचएफआर रोखण्यासाठी आहे, पण मेथोट्रेक्सेटच्या जोडीला माणसाच्या अस्थिमज्जेलाही भारी पडतं. नव्या डॉक्टरकडे गेलात की आधी "मी मेथोट्रेक्सेट घेते" हे वाक्य, मग तक्रार.

मृण्मयी_क | शुक्रवार, दुपारी ३.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी फोन केला. सिस्टरनी डॉक्टरांना विचारून अर्ध्या तासात सांगितलं: १ चीच द्यायची, आजपासूनच. हॉस्पिटलच्या औषधाच्या दुकानात मिळाली. बाबांना डॉ_मीनल यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. होमोसिस्टीनपाशी म्हणाले "पुढे", बी-१२ पाशी म्हणाले "हे पटतंय", आणि गोळी घेतली.

सासूबाई अजून मेथीवर ठाम आहेत. चुलत दिरांचं उत्तर: "मग बातमी खोटी का?"

जुनी_पानं | शुक्रवार, रात्री ९.१५

दिरांना अगदीच वेड्यात काढू नका. त्यांना आलेली शंका १९४७ साली बॉस्टनच्या सिडनी फार्बरलाही आली होती, आणि तिच्यातूनच केमोथेरपीचा एक मोठा रस्ता निघाला.

फार्बर मुलांच्या रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट होता. रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना त्याने फॉलिक ॲसिडची संयुगं देऊन पाहिली. ती कदाचित मदत करतील अशी आशा होती. झालं उलटं, काहींचा आजार वेगाने वाढल्यासारखा वाटला. तेव्हा त्याने विचार केला, वाढतो तर मग अडवून बघू. अडवणारं रसायन बनवून दिलं लेडर्ली कंपनीतल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने. नाव ॲमिनोप्टेरिन. १९४८ मध्ये फार्बरने १६ मुलांची हकिकत छापली. १० मुलांमध्ये सुधारणा दिसली, तात्पुरती, काही महिन्यांची. पण त्याआधी या आजारात असं काही घडतच नव्हतं. मेथोट्रेक्सेट हे ॲमिनोप्टेरिनचंच भावंड.

सुब्बाराव भीमावरमचे, १८९५ चा जन्म. मद्रासला वैद्यक शिकून हार्वर्डला गेले, तिथे नोकरीत कायम झाले नाहीत, मग लेडर्लीत आले. फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवण्याचं काम त्यांच्याच गटाने १९४५ च्या सुमारास पार पाडलं. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटतात ना, त्या डायइथिलकार्बामाझिनमागेही तेच. फार्बरचा लेख आला त्याच वर्षी ते गेले. १९९५ मध्ये आपल्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं, माझ्याकडे आहे.

आणि या सगळ्याचं मूळ कुठे, तर आपल्या परळला. १९२८ च्या सुमारास लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर हाफकिन संस्थेत आली. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात एक जीवघेणा रक्तक्षय होत असे, त्याचा तिने पाठपुरावा केला. बाळंतिणीच्या पोटात काय जातं ते मोजलं, माकडांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे चक्क मार्माइटने, बायका बऱ्या होतात हे दाखवलं. १९३१ मध्ये ते छापून आलं. त्या अर्कातला अज्ञात घटक म्हणजे पुढे फोलेट ठरलं.

शुभा_ताई | शुक्रवार, रात्री ९.४०

परळचं ठाऊक नव्हतं! माझी आजी गिरणगावातलीच. वाचनखूण साठवली.

रेवा_बाणेर | शुक्रवार, रात्री १०.१०

थोडं अवांतर. मी मध्यंतरी एक जनुकीय चाचणी केली, तिच्यात "एमटीएचएफआर पॉझिटिव्ह" आलं. सांगणाऱ्याने साधं फॉलिक ॲसिड तुमच्या अंगी लागणारच नाही, मिथाइलफोलेटच घ्या आणि कॅन्सरचा धोकाही बघून ठेवा, असं घाबरवलं. बाटली बरीच महाग. हे एमटीएचएफआर आणि मृण्मयीचं एमटीएचएफडी२ एकच का?

डॉ_मीनल | शनिवार, सकाळी ७.३०

एकाच आळीतली घरं, पण वेगळी. दोन्ही फोलेटवर काम करणारी एन्झाइमं. एमटीएचएफआरचे ते प्रकार जगात प्रचंड प्रमाणात आढळतात. "पॉझिटिव्ह" म्हटलं की रोग वाटतो, पण ते नाकाच्या ठेवणीइतकं सर्रास आहे. ६७७ क्रमांकाच्या जागी दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर एन्झाइम थोडं मंद चालतं, होमोसिस्टीन किंचित वर जाऊ शकतं. साधं फॉलिक ॲसिड अशा लोकांनाही लागू पडतं. अमेरिकेतल्या वैद्यकीय आनुवंशिकीच्या संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय की रक्ताच्या गुठळ्या किंवा वारंवार गर्भपात यांच्या तपासात ही चाचणी करू नका.

कॅन्सरचं तर उलटंच. आतड्याच्या कॅन्सरच्या काही अभ्यासांत हा प्रकार असलेल्यांना धोका थोडा कमी दिसला, अट इतकीच की आहारात फोलेट पुरेसं आणि दारू कमी. बाटली घेऊ नका.

आकडेमोड | शनिवार, सकाळी ११.००

चर्चा छान, पण मला इथे सगळे फोलेटला फार लवकर निर्दोष सोडतायत असं वाटतं. २००७ मध्ये आतड्यातल्या पॉलिपांवरची (अस्तरावर उगवणाऱ्या लहान गाठी) एक मोठी चाचणी आली. रोज १ मिग्रॅ फॉलिक ॲसिड देऊन पॉलिप पुन्हा होणं कमी झालं नाहीच, उलट नंतरच्या पाहणीत गंभीर पॉलिप काहीसे जास्त दिसले. म्हणजे आधीच बीज पडलेलं असेल तर खत घातल्यासारखं होतं का, ही शंका शास्त्रज्ञांनीच काढलीय.

दुसरं, @गणेशखिंड, गाठीत एमटीएचएफडी२ जास्त दिसतं यात नवल काय? विभाजित होणाऱ्या कुठल्याही पेशीत जास्त दिसेल. तो वेगाचा परिणाम झाला, कारण कशावरून?

गणेशखिंड | शनिवार, दुपारी १२.२०

दोन्ही मुद्दे रास्त, म्हणून सविस्तर.

पहिला: त्या चाचणीनंतर २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १३ चाचण्यांची एकत्रित आकडेवारी आली, सुमारे ५०,००० माणसं. फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांत कॅन्सरचं प्रमाण लक्षणीय वाढलेलं नाही. पाठपुरावा सरासरी पाचेक वर्षांचा होता, त्याहून लांबचं ती आकडेवारी सांगत नाही. म्हणून मीही धडधाकट माणसाला "घ्या भरपूर" म्हणणार नाही. पण मृण्मयीच्या बाबांना ते आरोग्यवर्धक म्हणून दिलेलं नाही, एका ठरावीक औषधाचा त्रास आवाक्यात ठेवायला दिलंय. ही तुलनाच वेगळी.

दुसरा: वेगाचा परिणाम काही अंशी आहेच. प्रतिकारशक्तीच्या, लढाईला निघालेल्या टी पेशींमध्येही एमटीएचएफडी२ वाढतं, म्हणजे ते निव्वळ शत्रूकडेच असतं असं नाही. उंदरांत हे जनुक काढलं तर गर्भ जगत नाही. तरीही बऱ्याच कॅन्सर पेशींतून ते काढलं की त्यांची वाढ खुंटते, त्यामुळे ते नुसतं शोभेला नाही.

आणि खरी मजा पुढे आहे. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेत एमटीएचएफडी२ डोळ्यांपुढे ठेवून टीएच९६१९ नावाचं रसायन तयार झालं. कॅन्सर पेशी मरत होत्या, सगळे खूश. २०२३ मध्ये बारकाईने पाहिल्यावर कळलं की ते मायटोकॉन्ड्रियात शिरतच नाही. ते बाहेरच्या एमटीएचएफडी१ या भावाला पकडतं. मायटोकॉन्ड्रियातून तो कार्बनचा तुकडा फॉर्मेटच्या रूपात येत राहतो, फोलेटला चिकटतो आणि पुढची वाट बंद असल्यामुळे फोलेट त्याच रूपात अडकून पडतं. मग थायमिनला टाकी मिळत नाही. म्हणजे मायटोकॉन्ड्रियातलं एमटीएचएफडी२ चालू असलेली पेशीच यात जास्त फसते. नेम एकावर, लागला दुसऱ्याला, आणि पहिला जिवंत असल्यामुळेच परिणाम चांगला! दिरांना सांगा, बातमी खोटी नाही, पण त्या एन्झाइमवरचं एकही औषध अजून बाजारात नाही.

आकडेमोड | शनिवार, दुपारी १२.५०

पटलं. अर्धं. टी पेशींचं नीट वाचायला हवं, कारण आज फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपीही (प्रतिकारशक्तीला चेतवणारे उपचार) देतात. एका हाताने टी पेशींना चेतवायचं आणि दुसऱ्याने त्यांचा रसद-रस्ता तोडायचा, असं व्हायला नको.

गणेशखिंड | शनिवार, दुपारी १.०५

या प्रश्नावर लोक काम करतायत. कॅन्सर पेशी स्वतःही कमी चतुर नाहीत. १९७८ मध्ये रॉबर्ट शिम्के यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की मेथोट्रेक्सेटला दाद न देणाऱ्या पेशींनी डीएचएफआरच्या जनुकाच्या ढीगभर प्रती काढून ठेवल्या होत्या. तुम्ही एक एन्झाइम अडवा, त्या शंभर बनवतात.

पाटीवाल्या_बाई | शनिवार, संध्याकाळी ६.१५

मुळशी तालुक्यात शिकवते. आमच्याकडे सोमवारी मुलींना लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी असते. अशा बातम्या गावातल्या ग्रुपवर फिरल्या की पुढच्या सोमवारी निम्म्या गोळ्या बाकाखाली सापडतात. त्या गोळीत ५०० मायक्रोग्रॅम असतं आणि आठवड्यातून एकच. बातम्या पुढे ढकलणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्या.

अभिजित_स | शनिवार, रात्री ११.३०

माझ्या वडिलांना हेच औषध होतं, आधी कार्बोप्लॅटिनसोबत, नंतर नुसतं पेमेट्रेक्सेड बरेच महिने. ते आता नाहीत, पण त्या महिन्यांत ते रोज सारसबागेत चालायला जात होते हेही खरं. उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

अंगावर पुरळ येऊ नये म्हणून डेक्सामेथासोनच्या गोळ्या असतात: आदल्या दिवशी, डोसाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी. विसरू नका. आम्ही एकदा विसरलो, पाठीवर लालभडक चट्टे उठले. बी-१२ चं इंजेक्शन दर नऊ आठवड्यांनी असतं आणि ते हमखास राहून जातं, कारण रोजच्या गोळ्यांसारखं समोर दिसत नाही. केमो संपली तरी फॉलिक ॲसिड शेवटच्या डोसानंतर तीन आठवडे चालू ठेवायचं असतं. आणि अंग दुखलं म्हणून इब्युप्रोफेन परस्पर देऊ नका. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं, मूत्रपिंड थोडं जरी कमजोर असेल तरी ते अंगात साठतं.

त्रास तिसऱ्या-चौथ्या दिवशी जास्त. चव जाते. आमच्याकडे मेतकूट-भात चालायचा, बाकी सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणायचे.

जुनी_पानं | रविवार, सकाळी १०.००

पेमेट्रेक्सेडची जन्मकथा राहिलीच. एडवर्ड टेलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला विद्यार्थिदशेत फुलपाखरांच्या पंखांतल्या रंगद्रव्यांनी भुरळ घातली. त्या रंगांच्या रेणूत जी दोन कड्यांची रचना असते, तीच फॉलिक ॲसिडमध्ये निघाली. तो धागा त्याने अनेक दशकं सोडला नाही, प्रिन्स्टन विद्यापीठात राहून लिली कंपनीसोबत हे औषध घडवलं. अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. प्रिन्स्टनला त्याची रॉयल्टी एवढी मिळाली की त्यातून रसायनशास्त्राची नवी इमारत उभी राहिली. पेमेट्रेक्सेड डीएचएफआर अडवतं, पण त्याचा मुख्य नेम थायमिडिलेट सिंथेज या शेजारच्या एन्झाइमवर. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या स्क्वेमस नावाच्या प्रकारात हे एन्झाइम बहुधा जास्त असतं आणि औषध फिकं पडतं, म्हणून फुप्फुसात ते स्क्वेमस सोडून इतर प्रकारांना, मुख्यतः ॲडेनोकार्सिनोमाला देतात.

निळू_कर्वेनगर | रविवार, सकाळी १०.२०

फुलपाखरं, मार्माइट, माकडं, गॅसच्या टाक्या. धागा कुठून कुठे गेला! मृण्मयीताई, मेथीचं काय झालं ते सांगा.

मृण्मयी_क | पुढचा शनिवार, सकाळी ११.४०

उशिराबद्दल माफ करा, घरात धावपळ होती.

सोमवारी सासूबाईंना मुद्दाम सोबत नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, भाज्या नेहमीसारख्या खा, स्वच्छ धुऊन, शिजवून. मल्टिव्हिटॅमिन मात्र विचारल्याशिवाय नको, त्यात फॉलिक ॲसिड किती आहे ते बघावं लागतं. सासूबाईंनी विचारलं, "मेथी किती वाटी?" डॉक्टर हसून म्हणाले, "आवडेल तेवढी." घरी येताना मंडईत उतरून त्यांनी स्वतः दोन जुड्या घेतल्या. भाजी उकडून पाणी ओतून देऊ नका, फोलेट त्या पाण्यात उतरतं, असंही कळलं, त्यामुळे आता पळीभर पाणीही वाया जात नाही.

पहिला डोस परवा झाला. उलटी नाही. एकच अडचण. त्या डेक्सामेथासोनने बाबांची झोप उडालीय. काल रात्री दोन वाजता माळ्यावरची ट्रंक काढून जुनी वीजबिलं लावत बसले होते. हे नेहमीचं का?

अभिजित_स | पुढचा शनिवार, दुपारी १२.०५

अगदी नेहमीचं. आमच्याकडे स्क्रू आणि खिळे मापाप्रमाणे लावून झाले होते. दुसरी गोळी रात्री न देता संध्याकाळी लवकर दिली तर चालेल का, विचारून बघा.

डॉ_मीनल | पुढचा शनिवार, दुपारी १.३०

हो, विचारा, बरेचदा चालतं. पोटात काहीतरी असू दे, आणि साखर असेल तर ती त्या तीन दिवसांत वर जाते, तपासत राहा. आता पुढचं. आठव्या-दहाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. थर्मामीटर हाताशी ठेवा. १००.४ च्या वर ताप गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघत बसू नका, रात्र असली तरी फोन करा आणि निघा. केमो वॉर्डचा नंबर सासूबाईंच्या मोबाइलमध्येही टाका.

मृण्मयी_क | पुढचा शनिवार, दुपारी १.४२

टाकला. त्यांनी तो "गोळीवाली सिस्टर" म्हणून सेव्ह केलाय.